मानक ब्यूरो व्यापारात नेमकं काय करतो? कुडाळहून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुडाळ एमआयडीसीत एक जोडपं लाकडी आणि काही प्लास्टिकची खेळणी बनवतं. जत्रांमध्ये, गणपती-दिवाळीला माल हातोहात जातो, आजवर एकही तक्रार नाही. आता पुण्यातल्या एका दुकानसाखळीने आणि जर्मनीतल्या एका खरेदीदाराने विचारणा केली आहे आणि दोघंही कागद मागतायत. ते विचारतात, "मानक ब्यूरो म्हणजे पैसे घेऊन शिक्का देणारं खातं एवढंच का? की धंद्याला त्याचा खरंच काही उपयोग आहे? आणि आयएसआय घेतला तर तो जर्मनीत चालेल का?"

मी अठ्ठावीस वर्षं या कामात आहे. आधी चाचणी प्रयोगशाळेत होतो, नंतर छोट्या कारखान्यांना परवान्यासाठी तयार करायला लागलो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या "एकही तक्रार नाही" या वाक्याकडे येतो, कारण सगळं तिथेच आहे. तक्रार का नाही? जत्रेतला गिऱ्हाईक तुम्हाला बघतो, खेळणं हातात घेऊन उलटंपालटं करतो, पुढच्या वर्षी तुम्ही त्याच जागी असणार हे त्याला ठाऊक असतं. ही पत तुम्ही कमावलेली आहे आणि ती खरी आहे. पण ती तुमच्या तोंडओळखीएवढीच लांब जाते. जर्मनीतल्या माणसाने तुम्हाला पाहिलेलं नाही, तो कुडाळला येणार नाही, आणि त्याच्याकडून खेळणं घेणाऱ्या आईला तर तुमचं नावही कळणार नाही. जिथे ओळख पोचत नाही तिथे पत कशी पोचवायची? राष्ट्रीय मानक संस्थेचं, आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस), व्यापारातलं काम हेच. बाकीचं सगळं, म्हणजे शिक्के, फॉर्म, तपासण्या, त्या कामाची अवजारं आहेत.

सोन्याचं उदाहरण घ्या, ते घराघरात माहीत आहे. पूर्वी एका सराफाकडून घेतलेला दागिना दुसऱ्याकडे मोडायला नेला की तो कसोटीवर घासायचा, तोंड वाकडं करायचा आणि घट सांगायचा. म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या एकाच सराफाला धरून असत. ब्यूरोने २००० साली सोन्याचं हॉलमार्किंग सुरू केलं. १६ जून २०२१ पासून ते पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही. आज जळगावात घेतलेली २२ कॅरेटची बांगडी, ९१६ चा आकडा आणि तो क्रमांक असेल तर, नागपूरचा सराफ शुद्धतेवरून वाद घालत बसत नाही. फोनवर 'बीआयएस केअर' अ‍ॅप उघडून क्रमांक टाकला की कुठल्या केंद्रात तपासली, किती शुद्धता, सगळं समोर येतं. सराफावरचा विश्वास गेला असं नाही, पण तो विश्वास आता दागिन्याबरोबर प्रवास करतो.

आता ही संस्था आली कुठून ते दोन ओळींत सांगतो, कारण तिची ठेवण त्यातून कळते. जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, भारतीय मानक संस्था (इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, म्हणजेच आयएसआय) स्थापन झाली. डॉ. लाल चंद वर्मन तिचे पहिले संचालक. १९४६ च्या ऑक्टोबरात लंडनला ज्या २५ देशांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, काढायचं ठरवलं त्यांत भारत होता. १९५२ च्या कायद्याने प्रमाणन चिन्ह देण्याचा अधिकार मिळाला आणि १९५५ पासून आयएसआय मार्क दिसू लागला. १ एप्रिल १९८७ ला संस्थेचं नाव भारतीय मानक ब्यूरो झालं, पण मार्कची अक्षरं आयएसआयच राहिली. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव बदललं नाही हे शहाणपणाचं झालं. सध्याचा कायदा २०१६ चा आहे, तो ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला.

या कायद्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथे बहुतेक कारखानदारांची गल्लत होते. ब्यूरो मानक लिहितो. मानक लिहिलं म्हणून ते पाळायची सक्ती होत नाही. वीस हजारांवर भारतीय मानकं आहेत आणि त्यांतली बहुतांश ऐच्छिक आहेत. सक्ती करतं ते केंद्र सरकार, कलम १६ खाली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून, म्हणजे आपण ज्याला क्यूसीओ म्हणतो ते. खेळण्यांचा आदेश २०२० मध्ये उद्योग खात्याने काढला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी असलेलं खेळणं आयएसआय मार्कशिवाय बनवता येत नाही, आयात करता येत नाही, विकताही येत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो: तुमच्याकडे परवाना नसेल आणि तुम्ही सवलतीत बसत नसाल तर आत्ता जो माल जत्रेत जातोय तोही कायद्याला धरून नाही. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण पुण्याच्या दुकानाने कागद मागितला हे त्यांचं आडमुठेपण नाही. सवलत अशी: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन (जीआय) नोंदणीतली खेळणी यांना त्या आदेशातून वगळलं आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या हस्तकारागिरांना याचा आधार आहे. तुमची लाकडी खेळणी हाताने घडत असतील तर त्या नोंदणीची चौकशी पहिली करा. पण इंजेक्शन मोल्डिंग यंत्रातून पडणारं प्लास्टिकचं खेळणं हस्तकलेत बसवायच्या भानगडीत पडू नका.

आता मानकात असतं काय? खेळण्यांचं मानक आयएस ९८७३, त्याचे अनेक भाग आहेत. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ वेगळं. ९८७३ चा भाग १ यांत्रिक सुरक्षिततेचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एक बैलगाडी आहे, लाकडी साटा, लाकडी चाकं आणि आसाच्या टोकाला लाल प्लास्टिकची टोपी. मी तो फोटो मोठा करून बघितला तो त्या टोपीसाठी.

प्रयोगशाळेत एक छोटं धातूचं भांडं असतं, सिलिंडर. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. तळ तिरका कापलेला, एका बाजूला खोली २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाची ती नक्कल आहे. खेळणं साधारण तीन फुटांवरून कडक पृष्ठभागावर पाडतात, मग त्याचे भाग पिळून आणि ओढून बघतात. यातून जे काही निखळेल ते उचलून त्या सिलिंडरमध्ये टाकायचं, दाबायचं नाही. ते आत मावलं की तीन वर्षांखालच्या मुलासाठीचं खेळणं नापास. तुमच्या टोपीचा व्यास फोटोवरून मला वीस मिलिमीटरच्या आसपास वाटतो. ती नुसती दाबून बसवली असेल तर पहिल्याच पिळण्याला निघेल आणि सिलिंडरच्या तळाशी जाऊन बसेल. हा प्रकार मी प्रयोगशाळेत इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणाच्याही घरी गेलो तरी हात आधी मुलांच्या गाडीच्या चाकाकडे जातो. तुम्हाला तक्रार आली नाही, कारण टोपी निघाली तर लोक ती केरात टाकतात. एखाद्या घरात ती केरात जाणार नाही.

भाग ३ रंगाचा. रंगातून आम्लात उतरणारं शिसं किलोला ९० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर नापास. लाकडावर जो इनॅमल लावता त्याच्या डब्यावरची ओळ वाचून हे कळत नाही, तपासावंच लागतं. मऊ पीव्हीसी वापरत असाल तर फ्थॅलेटची, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची, वेगळी चाचणी आहे.

हे सगळं वाचून "आणखी खर्च" असं वाटणार. खर्च आहेच: अर्जाचं शुल्क, चाचण्यांचं, वर्षाचं मार्किंग शुल्क, तपासणीचं. सूक्ष्म उद्योगांना शुल्कात सवलत आहे आणि कारखान्यातल्या स्वतःच्या प्रयोगशाळेच्या अटीतही खेळणीवाल्या छोट्या घटकांना कालबद्ध सवलती दिल्या गेल्या आहेत. आज कुठली चालू आहे ते शाखा कार्यालयात जाऊन लेखी घ्या, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. भारतीय मानकं ब्यूरोच्या संकेतस्थळावरून आता फुकट उतरवता येतात. मी सुरुवात केली तेव्हा एकेका मानकाची प्रत विकत घ्यावी लागे आणि छोटे कारखानदार शेजाऱ्याची झेरॉक्स वापरत, तीही जुन्या आवृत्तीची.

पण मानक फक्त पैसे काढतं असं नाही, वाचवतंही, आणि ते मला एका वायरच्या कारखान्यात कळलं. मालक प्रामाणिक माणूस. दीड चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर. तिचा विजेला होणारा प्रतिकार किलोमीटरला १३.३ ओहमच्या आत हवा. एप्रिलमध्ये त्याच्या मीटरवर १४ येत होता. त्याने तारेत तांबं पाच टक्क्यांहून जास्त वाढवलं आणि तसाच दोन महिने माल काढला, नफा जवळजवळ सगळा तांब्यात गेला. मी गेलो तेव्हा मीटरशेजारी भिंतीवर तापमापक होता, ३८ अंश. मानकातला आकडा २० अंशांचा आहे. तांब्याचा प्रतिकार अंशागणिक साधारण ०.३९ टक्के वाढतो. अठरा अंशांचे सात टक्के झाले. १४ ला १.०७ ने भागलं की १३.०८. माल पहिल्या दिवसापासून पास होता. मानकातच तापमानाच्या दुरुस्तीचं कोष्टक आहे, पण त्याने मर्यादेचा आकडा तेवढा कुणाकडून तरी विचारून घेतला होता. ते गणित मी वहीत करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. आयएसआय मार्क देणारं खातं त्याला ठाऊक होतं, पण त्याच्याच धंद्याची इतकी माहिती त्या पुस्तिकेत आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता जर्मनी. आयएसआय मार्क तिथे चालत नाही. हे ऐकून लोक नाराज होतात, पण प्रत्येक देश स्वतःच्या बाजारापुरता आपला नियम लावतो, जसा आपण लावतो. युरोपात खेळण्याला सीई चिन्ह लागतं आणि त्यामागे ईएन ७१ ही मानकमालिका असते. अमेरिकेत एएसटीएम एफ९६३ हे मानक आणि त्यांच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल. मग ब्यूरोचा उपयोग काय? उपयोग असा की आयएस ९८७३ चा भाग १ आयएसओ ८१२४ वर बेतलेला आहे आणि ईएन ७१ ची यांत्रिक बाजू त्याला बरीच जवळची आहे. तुम्ही भारतासाठी टोपी घट्ट केलीत की जर्मनीसाठीचं निम्मं काम झालं. फरक रासायनिक बाजूला जास्त आहे: आयएसओच्या यादीत आठ मूलद्रव्यं आहेत, ईएन ७१ च्या भाग ३ मध्ये एकोणीस. म्हणून एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जा, आणि नमुने देतानाच सांगा की दोन्ही मानकांनुसार अहवाल हवेत. एनएबीएलची मान्यता आंतरराष्ट्रीय करारात बसते, त्यामुळे परदेशातला खरेदीदार तो अहवाल सहसा मान्य करतो. तरी मान्यतेच्या व्याप्तीत नेमकी तीच चाचणी आहे का ते आधी बघा. प्रयोगशाळेच्या दारावर बोधचिन्ह असतं, पण मान्यता चाचणीवार असते. या चुकीने एका निर्यातदाराचे दोन महिने गेलेले मी पाहिले आहेत.

ब्यूरोचं आणखी एक काम आहे जे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष झालं की ते निर्यातदाराला सगळ्यांत महाग पडतं. जागतिक व्यापार संघटनेत १९९५ पासून 'व्यापारातले तांत्रिक अडथळे' या विषयाचा करार आहे. कुठल्याही सदस्य देशाने आंतरराष्ट्रीय मानकापासून दूर जाणारा आणि व्यापारावर परिणाम करणारा नवा तांत्रिक नियम आणायचा ठरवला तर त्याचा मसुदा बाकीच्यांना आधी कळवायचा आणि म्हणणं मांडायला वेळ द्यायचा, साधारण साठ दिवस. या कराराखालचं भारताचं चौकशी केंद्र मानक ब्यूरो आहे. म्हणजे युरोप उद्या खेळण्यांतल्या एखाद्या रसायनाची मर्यादा खाली आणणार असेल, तर ती बातमी नियम होण्याआधी कळायची सोय आहे.

वेळेवर न कळण्याची किंमत आपण द्राक्षात मोजली आहे. २०१० मध्ये नाशिक भागातली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या निर्यात तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतं. शेतकऱ्यांनी नियम मोडायचा म्हणून काही केलं नव्हतं. बाग चांगली, माल चांगला, आणि कंटेनर बंदरात. शेतमालाचं काम ब्यूरोकडे नसतं, तिथे अपेडा, एफएसएसएआय, निर्यात निरीक्षण परिषद या संस्था असतात, आणि अंशांचे नियमही वेगळ्या कराराखाली कळवले जातात. पण धडा तुमच्या धंद्यालाही लागू आहे. जर्मन खरेदीदाराशी बोलताना किमतीच्या आधी विचारा की मानकाची कुठली आवृत्ती धरायची आणि येत्या दोन वर्षांत काय बदलतंय.

ब्यूरोची बाजू घेऊन एवढं लिहिल्यावर जे मला खुपतं तेही लिहायला हवं. मानक लिहिणारं, परवाना देणारं आणि धाड घालणारं घर आपल्याकडे एकच आहे. जर्मनीत डीआयएन ही संस्था मानकं लिहिते, पण कुणाच्या कारखान्यावर धाड घालायचा अधिकार तिच्याकडे नाही. आपल्याकडे तसं नसल्यामुळे छोटा कारखानदार ब्यूरोच्या माणसाला शंका विचारायलाही बिचकतो. विचारलं तर उद्या तपासणीला येतील ही भीती. शंका विचारण्याची जागा आणि शिक्षा करणारी जागा वेगळी असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, सक्ती कुठे करायची याचं तारतम्य. मुलाच्या तोंडात जाणारं खेळणं, हेल्मेट, प्रेशर कुकर, घरातली वायर, गॅसचं सिलिंडर: इथे सक्ती हवीच, आणि स्वस्तात पडतो म्हणून आलेला आयात माल इथे अडला तर मला त्याचं वाईट वाटत नाही. पण गेल्या काही वर्षांत हे आदेश धाग्यावर, पॉलिमरवर, रसायनांवर, म्हणजे कच्च्या मालावरही निघाले. पॉलिएस्टर धाग्याने कुणाचा घसा अडकत नाही. परदेशी गिरणीला परवाना घ्यायला महिनोन् महिने लागले की इथला पुरवठा मोजक्या मोठ्या उत्पादकांच्या हातात जातो आणि भिवंडी-इचलकरंजीचा यंत्रमागवाला ते मागतील तो भाव देतो. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने असे कच्च्या मालावरचे काही आदेश मागे घेतले ते योग्यच झालं. सुरक्षिततेचं अवजार भाव राखायला वापरलं की लोकांचा शिक्क्यावरचाच विश्वास उडतो, आणि तो परत कमवायला फार वर्षं लागतात.

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. मानकं ब्यूरोचे अधिकारी एकटे बसून लिहीत नाहीत. प्रत्येक विषयाची समिती असते, तिच्यात उत्पादक, प्रयोगशाळा, ग्राहक संघटना, सरकारी खाती असतात. मसुदा तयार झाला की तो हरकतींसाठी संकेतस्थळावर खुला होतो आणि कुणीही, अगदी तुम्हीसुद्धा, कलमवार म्हणणं मांडू शकता. मी असे कितीतरी मसुदे पाहिले ज्यांवर मोठ्या कंपन्यांनी पानंच्या पानं पाठवली आणि ज्यांचा धंदा त्यावर अवलंबून होता अशा छोट्यांकडून एक ओळ आली नाही. मग चाचणीचं यंत्र असं ठरतं जे मोठ्याच्या कारखान्यात आधीच असतं आणि छोट्याला कर्ज काढून घ्यावं लागतं. "ब्यूरोने आमचा विचार केला नाही" असं नंतर सगळे म्हणतात. म्हणणं पाठवताना "हे परवडत नाही" एवढंच लिहिलं तर ते बाजूला पडतं. "या चाचणीऐवजी ती पद्धत वापरली तर निकाल तोच येतो, हे दहा नमुन्यांचे आकडे" असं लिहिलं तर समितीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. सिंधुदुर्गात खेळणी करणारे तुमच्यासारखे पाच-सहा जण मिळून हे सहज करू शकता.

आता कामाला कुठून लागायचं? ९८७३ चे भाग उतरवून घ्या आणि भाग १ मराठीत एकमेकांना वाचून दाखवत दोघं मिळून वाचा. प्रत्येक खेळण्यासमोर वय लिहा, तीन वर्षांखालचं की वरचं, आणि ते खरं लिहा; "३ वर्षांवरील" असं लेबल चिकटवून लहान मुलाचं खेळणं मोठ्याचं होत नाही, तपासणारा ते खेळण्याच्या स्वरूपावरूनच ठरवतो. एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडून मानकातल्या आकृतीप्रमाणे तो सिलिंडर करून घ्या. बैलगाडीची टोपी काढून टाका आणि आसाच्या टोकाला लाकडाचीच मूठ ठेवून चाक आतून अडवता येतं का ते बघा. जुन्या पांगुळगाड्यांना तसंच असायचं. मग गाडी तीन फुटांवरून फरशीवर चार वेळा टाका, आणि काय निखळतं ते मला कळवा. प्रयोगशाळेला नमुने त्यानंतर पाठवू.